कल्याण-शीळ रस्त्यावरचं नवं घर: सांगितलेला भाव आणि खरा भाव

वाचकाचं पत्र

आम्ही दोघं डोंबिवली पूर्वेला भाड्याच्या टू-बीएचकेत राहतो. भाडं १६ हजार. मी ठाण्याला, हे दादरला. दोघांचे मिळून हातात १ लाख १५ हजार येतात. कल्याण-शीळ रस्त्यालगत २७ मजली टॉवरचं काम चालू आहे, तिथे १४ व्या मजल्यावरचं घर आवडलं. ‘युजेबल कार्पेट ६१० चौरस फूट’, एका पार्किंगसह ५८ लाख, म्हणजे साडेनऊ हजारांचा भाव. वर ५ टक्के जीएसटी, ७ टक्के स्टँप ड्युटी, ३० हजार नोंदणी आणि ‘इतर शुल्क’ अडीच लाख असं कागदावर लिहून दिलंय. ताबा डिसेंबर २०२८. रविवारपर्यंत बुकिंग केलं तर फ्लोअर राइज (वरच्या मजल्यासाठीचे जादा पैसे) माफ आणि मॉड्युलर किचन फुकट.

दीर म्हणतात मेट्रो येतेय, विमानतळ झाला, हा भाव पुन्हा मिळणार नाही. सासऱ्यांनी २००९ मध्ये एवढंच घर १८ लाखांत घेतलं होतं, ते म्हणतात ही लूट आहे. आमच्या घरमालकांनाही सध्याचं घर विकायचंय. ५६० चौरस फूट कार्पेट, ११ वर्षांची सात मजली इमारत, लिफ्ट आहे, पार्किंग नाही, स्टेशन चालत १२ मिनिटं. ते ५४ लाख मागतात. आमच्याकडे १५ लाख साठलेत, ६ लाख सासरे देतील. नव्या घराचा भाव योग्य आहे की नाही, हे आम्ही ठरवायचं कसं?

– एक वाचक भगिनी, डोंबिवली

ताई,

तुमच्या पत्रातली एक गोष्ट फार बरी वाटली. तुम्ही ‘घर घेऊ का’ असं विचारलं नाहीत, ‘भाव योग्य आहे का’ असं विचारलंत. बँकेत गृहकर्जाच्या फायली तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. हा प्रश्न बुकिंगच्या आधी विचारणारी माणसं थोडी भेटली. चेक देऊन झाल्यावर विचारणारी पुष्कळ. म्हणून तुमच्याच आकड्यांवर सविस्तर लिहिते. कागद-पेन घेऊन बसा.

आधी साडेनऊ हजारांचं बघू. ५८ लाखांना ६१० नं भागलं की तो आकडा येतो. पण भागाकारातले दोन्ही आकडे तपासायला हवेत. रेरा, म्हणजे घर घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठीच्या कायद्यात, कार्पेट क्षेत्राची व्याख्या ठरलेली आहे: घराच्या आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून. बाहेरच्या भिंती, डक्ट, बाल्कनी आणि उघडी गच्ची त्यात येत नाही. ‘युजेबल कार्पेट’ असा प्रकार कायद्यात नाही. विक्रीच्या कागदावर तो शब्द दिसला की त्यात बाल्कनी मिळवलेली असते, असंच समजून चाला. महारेरा म्हणजे हा कायदा राबवणारं राज्याचं प्राधिकरण; त्याच्या संकेतस्थळावर प्रकल्पाचं पान उघडा. जाहिरातीवर क्यूआर कोड असतो, तो स्कॅन केला तरी तेच पान येतं. १ ऑगस्ट २०२३ पासून तो छापणं बंधनकारक आहे. त्या पानावर तुमच्या प्रकारच्या घराचं क्षेत्र चौरस मीटरमध्ये दिलेलं असेल, त्याला १०.७६४ नं गुणा. समजा तिथे ५२.४९ दिसलं, तर ते ५६५ चौरस फूट झाले आणि उरलेले ४५ फूट बाल्कनीचे. तुमच्या बाबतीत नेमका आकडा वेगळा निघेल, पण पुढच्या हिशेबासाठी मी ५६५ धरते.

आता वरचा आकडा. ५८ लाखांवर जीएसटी २ लाख ९० हजार. तुमचं घर आकारानं लहान असलं तरी किंमत ४५ लाखांच्या वर आहे, त्यामुळे १ टक्क्याचा सवलतीचा दर लागू होत नाही, ५ टक्केच पडतात. स्टँप ड्युटी ४ लाख ६ हजार, नोंदणी ३० हजार, इतर शुल्क अडीच लाख. बेरीज ६७ लाख ७६ हजार. ५६५ नं भागा: चौरस फुटाला जवळजवळ १२ हजार. साडेनऊ आणि बारा यांत एवढं अंतर आहे, आणि दारात पाऊल टाकेपर्यंत तुम्ही मोजणार आहात ते बारा.

तुमच्या घरमालकांच्या घराला हीच फूटपट्टी लावू. ५४ लाखांवर ७ टक्के म्हणजे ३ लाख ७८ हजार, नोंदणी ३० हजार. जीएसटी नाही. सोसायटीला हस्तांतरण शुल्क द्यावं लागेल. महापालिका हद्दीत त्याची कमाल मर्यादा २५ हजार आहे, त्याहून जास्त मागितले तर देऊ नका. रंग, स्वयंपाकघराचा ओटा, बाथरूमच्या फरशा, वायरिंग यांना ३ लाख धरा. एकूण ६१ लाख ३३ हजार, चौरस फुटाला १० हजार ९५० च्या आसपास. म्हणजे नवं घर चौरस फुटाला हजार रुपयांनी महाग आणि एकूण ६ लाख ४३ हजारांनी महाग, क्षेत्र दोन्हीकडे जवळपास सारखंच.

या साडेसहा लाखांत तुम्हाला काय मिळतं? नवी इमारत, पार्किंग, क्लब हाऊस, चौदाव्या मजल्यावरचा उजेड-वारा. याला किंमत आहेच. पण बदल्यात काय जातं, तेही रुपयांत मांडा. आज तुम्ही दोघं स्टेशनला चालत जाता. टॉवरपासून शेअर रिक्षा धरली आणि माणशी एका फेरीचे २५ रुपये मोजले, तर दोघांचे दिवसाला शंभर, महिन्याला अडीच हजार. क्लब, तीन लिफ्ट, जनरेटर, सुरक्षारक्षक अशा टॉवरचा मासिक देखभाल खर्च सात मजली इमारतीपेक्षा दीड-दोन हजारांनी तरी जास्त येतो. साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी १ लाखाच्या कर्जाला ८६८ रुपये हप्ता पडतो. उलट्या बाजूनं बघितलं, तर महिन्याला जाणारे अडीच हजार म्हणजे २ लाख ८८ हजारांचं कर्ज, आणि देखभालीचे जादा १,८०० म्हणजे आणखी २ लाखांचं. हे कर्ज बँकेच्या कागदावर दिसत नाही, पण दर महिन्याला फेडावं लागतंच. धरून चाला की दोन घरांतला खरा फरक सव्वाअकरा लाखांच्या घरात आहे.

ताबा मिळेपर्यंत भाडं आणि कर्जाचं व्याज दोन्ही भरावं लागतं, म्हणून नवं घर घेऊच नका, असं तुम्हाला बरेचजण सांगतील. हा मुद्दा अर्धाच खरा आहे. तुमचं कर्ज ४६ लाख ४० हजारांचं होईल (३० ते ७५ लाखांच्या कर्जाला बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते, आणि त्यात स्टँप ड्युटी, नोंदणी धरत नाही). बांधकामाच्या टप्प्यांप्रमाणे पैसे सुटत गेले आणि सरासरी अर्धी रक्कम उचलली गेली असं मानलं, तर तीन वर्षांत प्री-ईएमआयचं, म्हणजे पूर्ण हप्ता सुरू होण्याआधी उचललेल्या रकमेवरचं, व्याज ५ लाख ९० हजारांच्या आसपास. त्यात तीन वर्षांचं भाडं ५ लाख ७६ हजार. दोन्ही मिळून पावणेबारा लाखांच्या आत. उलट घरमालकांचं घर आज घेतलंत तर ४३ लाखांच्या कर्जावर तीन वर्षांचं व्याजच पावणेअकरा लाखांच्या जवळ जातं, वर सोसायटीची देखभाल. दोन्ही बाजू जवळपास सारख्या पडतात. ताबा वेळेवर मिळाला तर वाट पाहण्याचा वेगळा भुर्दंड नाही.

अडचण वेळेवर न मिळण्याची आहे. डिसेंबर २०२८ उलटून गेल्यावर तुमचं जवळपास सगळं कर्ज उचललेलं असेल. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक वर्षाला पावणेचार लाख व्याज आणि १ लाख ९२ हजार भाडं, म्हणजे साडेपाच लाखांच्या वर जातील. रेरा कायद्यानं उशिराच्या प्रत्येक महिन्याला व्याज मागता येतं; महाराष्ट्रात ते स्टेट बँकेच्या सर्वांत जास्त एमसीएलआरपेक्षा (बँकेचा कर्जासाठीचा आधारदर) २ टक्के अधिक या दरानं. हक्क चांगला आहे. पण बिल्डरनं स्वतःहून दिलं नाही तर आदेश घ्या, मग वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे, असा रस्ता आहे आणि त्याला वेळ लागतो. तोवर हप्ता थांबत नाही.

म्हणून महारेराच्या पानावर आणखी तीन गोष्टी वाचा. ताब्याची तारीख आधी किती वेळा वाढवलीय. आर्किटेक्टच्या प्रमाणपत्रानुसार किती टक्के काम झालंय, आणि तुम्ही साइटवर डोळ्यांनी जे पाहिलंत त्याच्याशी ते जुळतं का. आणि एकूण घरांपैकी किती विकली गेलीत. तिसरा आकडा तुम्हाला रविवारच्या मुदतीबद्दल सगळं सांगेल. दोन वर्षांत निम्मी घरंही गेली नसतील, तर सोमवारी तुम्हाला नाही म्हणायला तिथे कुणी बसलेलं नाही.

आता सगळ्यांत महत्त्वाचं काम, ज्याला एक संध्याकाळ पुरेल. भाव योग्य आहे का, याचं उत्तर विक्री कार्यालयात मिळत नाही, दिरांकडे नाही आणि माझ्याकडेही नाही. ते नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आहे. राज्यात नोंदवलेल्या प्रत्येक कराराचा एक सारांश तयार होतो, सूची क्रमांक दोन, ज्याला सगळे ‘इंडेक्स टू’ म्हणतात. नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये वर्ष, जिल्हा, गाव आणि सर्व्हे नंबर टाकला की त्या जागेवरचे करार दिसतात. गावाचं नाव जपून निवडा. कल्याण-शीळ रस्त्यालगत सागांव, सोनारपाडा, घारीवली, काटई, निळजे अशी महसुली गावं आहेत आणि जाहिरातीत मात्र सगळीकडे ‘डोंबिवली पूर्व’ छापलेलं असतं. गाव आणि सर्व्हे नंबर महारेराच्या पानावरून घ्या.

इंडेक्स टू उघडलं की दुसरी ओळ ‘मोबदला’, तिसरी ‘बाजारभाव’. मोबदला म्हणजे घेणाऱ्यानं करारात प्रत्यक्ष मान्य केलेली रक्कम. बाजारभाव या शब्दानं गोंधळू नका. तो रेडी रेकनर या सरकारी दरपत्रकाप्रमाणे स्टँप ड्युटीसाठी काढलेला आकडा आहे, बाजारात चाललेला भाव नव्हे. खाली सदनिका क्रमांक, मजला, क्षेत्रफळ आणि दस्ताची तारीख असते. तुमच्याच टॉवरमधले गेल्या सहा-आठ महिन्यांतले करार काढा, मोबदल्याला रेरा कार्पेटनं भागा आणि वहीत तारखेप्रमाणे मांडा. क्षेत्रफळात बाल्कनी वेगळी दाखवलीय का, पार्किंग त्यातच आहे का, हे प्रत्येक वेळी बघा, नाहीतर भागाकार चुकेल. तुम्हाला ५८ लाख सांगितलेल्या घरासारखंच दहाव्या मजल्यावरचं घर दोन महिन्यांपूर्वी ५३ लाखांत नोंदवलेलं दिसलं, तर तुमची बोलणी तिथून सुरू होतात.

हेच काम जवळच्या, ताबा देऊन झालेल्या दोन इमारतींचं करा. आणि घरमालकांच्या इमारतीचंही करा, कारण ५४ लाख हीसुद्धा फक्त मागणी आहे. पुनर्विक्रीच्या व्यवहारात काही वेळा कागदावर रक्कम कमी दाखवलेली असते, म्हणून एकुलत्या एका कराराला धरून बसू नका. तीन-चार करार एका ओळीत दिसले तर ते खरे. बिल्डरकडून थेट घेतलेल्या घरांच्या नोंदी यापेक्षा भरवशाच्या असतात, कारण बहुतेकांनी बँकेचं कर्ज घेतलेलं असतं आणि पूर्ण रक्कम कागदावर यावीच लागते.

बँकेचा विषय निघालाच आहे तर तेही सांगते. ‘मोठ्या बँकांनी प्रोजेक्ट मंजूर केलाय’ हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. आमच्याकडे त्या मंजुरीत जमिनीचा मालकी हक्क, परवानग्या आणि बांधकाम तपासलं जायचं, आणि कर्ज बुडालं तर घर विकून आमचे पैसे सुटतील का, एवढंच पाहिलं जायचं. बँक ८० टक्के देते. भाव १५ टक्के खाली आला तरी तिचे पैसे सुरक्षित. जे १५ टक्के जातील ते तुमचे आणि सासऱ्यांचे. भावाबद्दल स्वतंत्र मत हवं असेल तर सरकारमान्य मूल्यांकनकार काही हजार रुपयांत लेखी अहवाल देतो. ६८ लाखांच्या खरेदीत हा खर्च वाचवू नका. फक्त तो बिल्डरनं सुचवलेला नसावा.

आता दीर आणि सासरे.

सासऱ्यांच्या १८ लाखांना मी किंमत देते, पण वेगळ्या कारणानं. २००९ मध्ये १८, आज तसंच घर ५४: सतरा वर्षांत तिप्पट. ऐकायला प्रचंड वाटतं. वर्षाचा हिशेब काढला तर ही वाढ पावणेसात टक्क्यांच्याही थोडी आत येते. म्हणजे भाव वाढतात हे दिरांचं म्हणणं खरं, आणि गृहकर्जाचं व्याज त्याहून जोरात वाढतं हेही खरं. मधली काही वर्षं, साधारण २०१४ ते २०२०, मुंबई महानगर प्रदेशात बऱ्याच ठिकाणी भाव जागचे हललेच नाहीत. त्या काळात जादा भावानं घेतलेल्यांना नंतर घेतलेल्या किमतीला विकतानासुद्धा नाकी नऊ आले. सासऱ्यांना फायदा झाला, कारण ते त्या घरात राहिले आणि त्यांचं भाडं वाचलं. तुमच्यासाठीही घराची खरी कमाई तीच असणार.

भाड्याची कसोटी इथे फार कामाची आहे. त्या टॉवरच्या आसपासच्या तयार घराचं भाडं १७ हजार धरलं तर वर्षाचे २ लाख ४ हजार. ६७ लाख ७६ हजारांवर हे बरोबर ३ टक्के. तुमच्या घरमालकांना ५४ लाखांवर साडेतीन टक्के सुटतात. भाडं म्हणजे आज त्या घरात राहण्याची किंमत, तिच्यात उद्याच्या आशा मिसळलेल्या नसतात. साडेआठ टक्क्यांनी पैसे उचलायचे आणि तीन टक्क्यांचं राहणं विकत घ्यायचं, तर मधले साडेपाच टक्के दर वर्षी घराचा भाव वाढूनच भरून यायला हवेत. मुंबईच्या उपनगरांत हे अंतर कायमच राहिलंय, त्यामुळे तेवढ्यावरून घर घेऊ नका असं मी म्हणणार नाही. आपलं घर, मुलांची शाळा न बदलणं, घरमालकाच्या फोनची धास्ती नसणं याला मोल आहे. पण हे अंतर जितकं मोठं, तितकं तुम्ही आशेचं जास्त देताय. दोन घरांत कमी आशा कुठल्या किमतीत आहे, ते या टक्केवारीतून कळतं.

आणि मेट्रो. कल्याण-तळोजा मेट्रोचं काम २०२४ मध्ये सुरू झालं आणि ती मार्गी लागेल, याबद्दल मला शंका नाही. केव्हा, एवढाच प्रश्न. नवी मुंबईत बेलापूर ते पेंधर या पहिल्या मेट्रोचं काम २०११ मध्ये सुरू झालं आणि गाडी धावली ती १७ नोव्हेंबर २०२३ ला. खारघर-तळोज्यात ज्यांनी सुरुवातीला ‘मेट्रो कनेक्टेड’ म्हणून जादा पैसे मोजले, त्यांनी बारा वर्षं त्याच पैशांवर व्याज भरलं. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झालं, ती गोष्ट तर आता सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे तुम्हाला सांगितलेल्या ५८ लाखांत ती आधीच धरलेली आहे. ठाणे आणि दादरची नोकरी असलेल्या तुमच्या घराला रोजचं महत्त्व डोंबिवली स्टेशनच्या फलाटाचं आहे. साइटवर जाहिरातीतली ‘दहा मिनिटं’ तपासायची तर रविवारी दुपारी नव्हे, मंगळवारी सकाळी पावणेआठला टॉवरच्या गेटपासून निघा. मानपाड्याचा चौक ओलांडून स्टेशनला पोचेपर्यंत जी वेळ लागेल तीच खरी. संध्याकाळी सातला उलटा प्रवासही करा, रिक्षाच्या रांगेत उभं राहून.

आणखी दोन गोष्टी या पट्ट्यापुरत्या. पाणी: शेजारच्या, लोक राहायला आलेल्या सोसायटीच्या सचिवांना भेटा आणि एप्रिल-मे महिन्यांची टँकरची बिलं किती आली ते विचारा. या पट्ट्यातल्या, सत्तावीस गावं म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भागात हा प्रश्न जुना आहे. टँकरचा खर्च देखभालीतच येतो, आणि विक्रीच्या कागदावर तो कुठेच नसतो. दुसरी, डोंबिवलीची एमआयडीसी, म्हणजे औद्योगिक वसाहत. २०१६ च्या मे महिन्यात आणि पुन्हा २०२४ च्या मे महिन्यात तिथल्या रासायनिक कारखान्यांत मोठे स्फोट झाले, माणसं दगावली, दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. तुमचा टॉवर कारखान्यांपासून किती अंतरावर आहे ते नकाशावर मोजा आणि रात्री दहानंतर एकदा तिथे जाऊन हवेला वास येतो का ते पाहा. वास येत असेल तर हा भाव मला कुठल्याच हिशेबानं पटणार नाही.

परवानग्यांबद्दल डोंबिवलीत राहणाऱ्या माणसाला मी वेगळं सांगायला नको, तरी सांगते. महापालिकेच्या बनावट परवानग्या दाखवून रेरा नोंदणी मिळवलेल्या ६५ इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयानं नोव्हेंबर २०२४ मध्ये दिला. त्या घरांत राहणाऱ्यांनी रेरा क्रमांक पाहूनच पैसे भरले होते, कित्येकांना गृहकर्जही मिळालं होतं. म्हणून बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत घ्या आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन ती त्यांच्याच नोंदीतली आहे आणि चौदाव्या मजल्यापर्यंतची आहे, याची खात्री करा. हे काम वकिलावर सोपवा, पण वकील तुमचा हवा. घरमालकांच्या इमारतीचंही भोगवटा प्रमाणपत्र (इमारत राहण्यायोग्य असल्याचा महापालिकेचा दाखला) पाहा, आणि सोसायटीच्या नावावर जमीन झालीय का, म्हणजे अभिहस्तांतरण किंवा मानीव अभिहस्तांतरण झालंय का, ते विचारा. झालं असेल तर त्या घराची किंमत माझ्या लेखी वाढते: स्टेशनजवळची जमीन, कमी घरांत वाटलेली, आणि पुढे कधी पुनर्विकास निघाला तर निर्णय सोसायटीच्या हातात.

माझं मत विचाराल, तर सांगितलेल्या भावानं ते नवं घर घेऊ नका. सगळं धरून ६७ लाख ७६ हजार ही रक्कम, वर मोजलेला प्रवास आणि देखभाल बघता, मला जास्त वाटते. करारमूल्य ५३ लाखांच्या आत आलं तर एकूण खर्च ६२ लाखांच्या जवळपास येतो, घरमालकांच्या घराच्या पातळीला. प्रवास आणि देखभालीच्या जादा खर्चाच्या बदल्यात पार्किंग आणि नवेपणा, असा तो सौदा होईल आणि तो मला मान्य आहे. पाच लाख उतरवायचे म्हणजे खूप वाटतं; पण विक्रेत्यानं पहिल्या भेटीतच फ्लोअर राइज सोडला, किचन देऊ केलं, याचा अर्थ जागा आहे. किचन नको म्हणा, त्याचे पैसे करारमूल्यातून कमी करून घ्या. करारमूल्य उतरलं की जीएसटी आणि स्टँप ड्युटीही त्या प्रमाणात उतरते. फुकटच्या किचनवर ती सवलत मिळत नाही. ‘इतर शुल्क’ अडीच लाख म्हणजे नेमकं काय, ते ओळीओळीनं लिहून मागा.

घर फक्त तुमच्या नावावर घेतलंत तर महिला खरेदीदार म्हणून स्टँप ड्युटीत १ टक्का सवलत आहे, ५८ लाखांवर ५८ हजार. दोघांच्या नावावर घेतलं तर ती मिळत नाही. मात्र मालकीत नाव नसेल तर यजमानांना गृहकर्जावरची प्राप्तिकराची वजावट घेता येत नाही, तेव्हा दोन्ही हिशेब मांडूनच ठरवा.

तुमच्या पैशांबद्दल एक चिंता मात्र मोठी आहे. नव्या घराला कर्ज सोडून २१ लाख ३६ हजार लागतात आणि तुमच्याकडे सासऱ्यांचे धरून २१ लाख आहेत. म्हणजे आज ३६ हजार कमी, आणि ताबा घेताना पंखे, पडदे, कपाटं यांसाठी हातात शून्य. वर ४० हजारांच्या पुढचा हप्ता. सासऱ्यांना या वयात आजारपणासाठी सहा लाख परत लागले तर? घरमालकांचं घर ५४ ला घेतलंत तरी कर्ज सोडून १८ लाखांच्या थोडे वर लागतात, आणि नोंदींमधून ५१-५२ चा भाव निघाला तर त्याहून कमी. तिथे दोन-तीन लाख शिल्लक राहतात. दोन पगारांवर चालणाऱ्या घरात ही शिल्लक मला चौदाव्या मजल्याच्या वाऱ्यापेक्षा मोलाची वाटते.

तिसरा पर्यायही पाहा, तुम्ही पत्रात लिहिला नाहीत. त्याच रस्त्यावर गेल्या दोन-तीन वर्षांत भोगवटा प्रमाणपत्र मिळालेल्या इमारती आहेत आणि गुंतवणूक म्हणून घेतलेली रिकामी घरं त्यांत विकायला असतात. तयार घराला जीएसटी नाही; ५८ लाखांच्या घरात तिथेच २ लाख ९० हजार वाचतात. उशिराची भीती नाही, भिंतीतली ओल आणि नळाला येणारं पाणी डोळ्यांनी दिसतं. बांधकामातला दोष निघाला तर ताब्यापासून पाच वर्षांपर्यंत बिल्डरला तो दुरुस्त करून द्यावा लागतो, त्यातली किती वर्षं उरलीत ते विचारून घ्या.

या रविवारी विक्री कार्यालयात जाऊ नका. त्याऐवजी इंडेक्स टूची वही पूर्ण करा. पुढच्या आठवड्यात जाल तेव्हा वही बरोबर न्या आणि आकडा तुम्ही सांगा. बोलणी जमली तरी करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम देऊ नका, कायद्यानं ती घेताच येत नाही. आणि बुकिंग रद्द केल्यास किती पैसे कापणार, हे वाटपपत्रात वाचल्याशिवाय टोकनचा चेकही फाडू नका. नाही जमलं तर त्याच वहीतलं घरमालकांच्या इमारतीचं पान उघडून त्यांच्याशी बोला. ते तुम्हाला भाडेकरू म्हणून ओळखतात, दलाली वाचते, आणि त्या घरात पावसाळ्यात कुठली भिंत ओलावते हे त्यांच्यापेक्षा तुम्हाला जास्त माहीत आहे.